बदकांची चाल

बुधवार, २ ऑगस्ट १८४८

कोऱ्या वहीऐवजी पाच-पाच रेघांचे हे उरलेले कागद शिवून घेतले आहेत. सुरांसाठीच्या रेघांवर शब्द लिहिताना हात अडखळतो, पण कागद फुकट कशाला घालवायचा? तसंही व्हिएन्नात सध्या सुरांना मागणी नाही. मार्चपासून हे शहर बादशहाशी भांडतंय. बादशहा रुसून इन्सब्रुकला जाऊन बसलाय. नाचघरांत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्यात. लोक नाचायच्या ऐवजी भाषणं करतात. भाषणांना साथीची वाद्यं लागत नाहीत, आणि वाद्यं नाहीत तर प्रत्येक वादकासाठी त्याचं त्याचं पान उतरवून देणारी वाल्बुर्गा झाप्लेताल, म्हणजे मी, कुणाला हवी?

आमचे विंडहाबर मास्तर तेवढे आशावादी. वीस वर्षं या शहराला त्यांनी तीन-तीनच्या ठेक्यातल्या वॉल्ट्झवर घुमवलंय. म्हणतात, "फ्राउ झाप्लेताल, माणूस फार काळ सरळ उभा राहू शकत नाही. कंटाळला की नाचेलच."

बंड करून उठलेल्या इटलीत आपलं सैन्य जिंकलं म्हणून आज चर्चच्या घंटा वाजल्या. सासूबाईंनी विचारलं, "जिंकले म्हणजे घरी येणार?" मी म्हटलं, येतील की. माझे दीर शिमोन तिकडे आहेत. मे महिन्यापासून त्यांचं पत्र नाही. सासूबाई रोज संध्याकाळी खिडकीत बसतात आणि मोराव्हियातल्या त्यांच्या गावची बदकं हाकायची ती चाल गुणगुणतात. शिमोनभावजी लहानपणी बदकं चारायला जायचे आणि हमखास उशीर करायचे. मग सासूबाई ओढ्यापर्यंत जाऊन हेच गाणं म्हणायच्या, की बदकंही परतायची आणि मुलगाही.

माझे यजमान ट्रॉम्बोन वाजवायचे. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांना कुठल्याच चालीवर बोलावता येत नाही, म्हणून आम्ही दोघी शिमोनभावजींवरच सगळी भिस्त ठेवून आहोत.

बुधवार, ९ ऑगस्ट

काम आलं! तटाबाहेरच्या पाण्याच्या बागेत विजयोत्सव व्हायचाय. मिरवणूक, दिवे, दारूकाम, आणि इटलीत जिंकलेल्या म्हाताऱ्या सेनापतीच्या सन्मानार्थ नवा मार्च. मार्च लिहिणार विंडहाबर मास्तर.

तालमीला ही बातमी सांगितली, तेव्हा पहिला क्लॅरिनेटवाला ड्राक्सलर टोपी डोक्यावरून काढून उभा राहिला. त्याच्या टोपीला अजून ती काळी-लाल-सोनेरी फीत आहे. बादशहाशी भांडणाऱ्यांची.

"मास्तर, मार्चमध्ये तुम्ही विद्यार्थ्यांसाठी एक मार्च लिहिलात. स्वातंत्र्याचा. आता ऑगस्टमध्ये दुसरा. स्वातंत्र्य चिरडणाऱ्यांचा. डिसेंबरात कुणाचा नंबर?"

"डिसेंबरात गारठा असतो," मास्तर म्हणाले. "डिसेंबरात पोल्का नाचायचा."

सगळे हसले. ड्राक्सलर हसला नाही. हा माणूस वाजवतो देवासारखा आणि बोलतो वकिलासारखा. घरी जाताना माझ्याबरोबर अख्खी गल्ली चालत आला. सगळा वेळ इटालियन लोकांची बाजू मला समजावून सांगत होता. त्याचं घर नेमकं उलट्या दिशेला आहे. मार्चपासून असाच बोलण्याच्या भरात वाट विसरतो बिचारा.

सोमवार, १४ ऑगस्ट

मास्तरांना मार्च सुचत नाहीये. पाच दिवस झाले. जे सुचतं ते तीन-तीनच्या तालात. आज पियानोवर बसून मोठ्या उत्साहाने काहीतरी वाजवून दाखवलं, पायाने ठेकाही धरला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "मास्तर, सैनिकाला पाय दोनच असतात."

"मग?"

"तुमचा हा तीन पायांवर चाललाय."

त्यांनी पुन्हा वाजवलं, मोजलं, आणि झाकण असं आपटलं की मेणबत्ती विझली. मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "फ्राउ झाप्लेताल, मला विजय कसा वाटतो तेच माहीत नाही. मी उभ्या आयुष्यात कुणाला हरवलेलं नाही. मला फक्त एकमेकांना धरून गोल फिरणारी माणसं माहीत."

मी कागद आखत बसले. मास्तर मध्येच म्हणाले, "ते काय गुणगुणताय?" मी म्हटलं, मी काम करताना कधीच गुणगुणत नाही.

मंगळवार, १५ ऑगस्ट

मातेच्या सणाची सुट्टी. सासूबाईंनी जर्दाळू उकडीत भरून गोळे करायला घेतले होते. तेवढ्यात मास्तर आले. कारण सांगितलं की आखलेले कागद न्यायचेत. माझ्या मते गोळ्यांचा वास दोन गल्ल्या पलीकडे पोचला असावा.

सासूबाईंना मास्तर-बिस्तर काही कळत नाही. "बस रे बाबा," म्हणाल्या, "हात धू आणि बिया काढ." आणि अर्ध्या व्हिएन्नाला नाचवणारा तो माणूस मुकाट्याने बिया काढायला बसला. सासूबाई त्यांच्या नादात गात होत्या:

*चला गं बयांनो, घराला,*
*ऊन आलंय उताराला,*
*कोल्हा बसलाय बांधाला,*
*मागं राहाल त्याच्या वाट्याला.*

मास्तरांनी सात गोळे खाल्ले. सातव्यानंतर ते खायचेच थांबले आणि भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, पोट बिघडलं. "बरं वाटत नाही का?" विचारलं तर म्हणाले, "आजीबाई, पुन्हा म्हणा." मग आखलेले कागद तसेच टाकून, टोपीसुद्धा विसरून, गेले.

टोपी द्यायला उद्या जावं लागणार.

गुरुवार, १७ ऑगस्ट

मार्च झाला! मास्तरांच्या हातचं मूळ पान सकाळी आलं. दुपारपर्यंत मी पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, बासरी आणि क्लॅरिनेट उतरवले. सुरुवात ढोलांची, झकास आहे. मधला भाग तर फारच गोड, जुन्या ओळखीच्या माणसाने हाक मारावी तसा. असं कसं सुचतं या माणसाला, म्हणून मी कौतुकाने मान हलवत लिहीत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं बुर्गे, चुकतंय तुझं! 'बांधाला'पाशी आवाज खाली यायला हवा. अशाने कोल्हा ऐकेल, बदकं नाही ऐकणार."

"आई, मी गातच नाहीये."

"मग भिंत गातेय का?"

मी कागदाकडे पाहिलं. *चला गं बयांनो, घराला.* 'बांधाला' सोडलं तर सूर न् सूर तोच. म्हाताऱ्या सेनापतीच्या सन्मानार्थ चाळीस वाद्यं, सहा ढोल आणि आमची बदकं!

शुक्रवार, १८ ऑगस्ट

सकाळी तडक मास्तरांकडे गेले. "ही चाल माझ्या सासूबाईंची आहे."

मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "आहे," म्हणाले. "पण त्यांना कुणी दिली? त्यांच्या आईने. तिला? फ्राउ झाप्लेताल, चाली पाखरांसारख्या असतात. कुणाच्याही कौलावर बसतात."

"पाखरू आमच्या कौलावर बसलं होतं. तुम्ही हात घालून धरलंत. आणि ते विजयाचं गाणं नाही, मास्तर. परत न आलेल्या मुलाला बोलवायचं गाणं आहे."

त्यांचा चेहरा पडला. पान हातात घेऊन म्हणाले, "त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर मी पान फाडतो. तुमच्यासमोर."

मला खात्री होती, सासूबाई नकोच म्हणणार. घरी येऊन सगळं सांगितलं. त्यांनी पुसता पुसता ताट खाली ठेवलं.

"किती जण वाजवणार म्हणालीस?"

"चाळीस."

"ढोल पण?"

"सहा."

"मग वाजवू दे की गं! माझा आवाज खालच्या पावाच्या दुकानापर्यंत पोचत नाही. सहा ढोल म्हणजे इटलीपर्यंत जाईल." आणि मग, डोळे पुसायच्या आधी, "पण 'बांधाला'पाशी सूर खाली आणायला सांग. नाहीतर ते पोरगं ओळखायचं नाही."

सांगितलं. मास्तरांनी दुरुस्त केलं. अठ्ठावीस पानं मी पुन्हा उतरवली.

गुरुवार, २४ ऑगस्ट

काल प्राटरच्या बागेत मजुरांवर गोळ्या चालल्या. रोजची मजुरी कमी केली म्हणून ते मोर्चा घेऊन निघाले होते. माणसं मेली. गोळ्या चालवणारे आपलेच शिंपी, सुतार, पाववाले, नागरिक दलात भरती झालेले.

ड्राक्सलरही त्या दलात होता. काल तो रांगेत उभा होता, पण त्याने बंदूक जमिनीवर ठेवली, असं ढोलवाल्याकडून कळलं. आज तालमीला आला तेव्हा टोपीला फीत नव्हती. क्लॅरिनेट पेटीतून काढलंच नाही. "मास्तर, मी कुठल्याच बंदुकीसाठी वाजवणार नाही आता. यांच्याही नाही, त्यांच्याही नाही," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. वाद घातला नाही, म्हणूनच मला भीती वाटली.

मार्चमधली ती मधली चाल पहिल्या क्लॅरिनेटवर आहे. दुसरा क्लॅरिनेटवाला ती वाजवतो तेव्हा बदकांना पडसं झाल्यासारखं वाटतं.

शनिवार, २६ ऑगस्ट

सासूबाईंना ड्राक्सलरबद्दल बोलले. एरवी चर्चपलीकडे न जाणारी ही बाई शाल पांघरून उठली. "चल, दाखव त्याचं घर."

ड्राक्सलर दारात अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत उभा. माझ्याकडे पाहून त्याने आधी वस्तरा लपवला, मग साबण लपवला, मग दोन्ही खाली पडले.

सासूबाई सरळ आत जाऊन बसल्या. "तू चांगला फुंकतोस म्हणे."

"आजी, तुम्हाला माहीत नाही ते काय वाजवायचं आहे ते. तो विजयाचा..."

"मला सेनापतीचं काही सांगू नकोस. मी त्याला ओळखत नाही. माझा मुलगा तिकडे आहे. त्याला बंदूक नको होती, नेला धरून. मी त्याला घरी बोलावतेय. माझा दम पुरत नाही, म्हणून तुझा मागायला आलेय. देतोस का?"

ड्राक्सलरच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून गेला. मग म्हणाला, "मला गाऊन दाखवा. दम कुठे घ्यायचा ते नीट कळू दे."

परत येताना सासूबाई म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे." मी म्हटलं, आई, तो चाळीस वर्षांचा आहे आणि भयंकर वादावादी करतो. "तेच म्हणतेय," म्हणाल्या. वयाप्रमाणे त्यांचं बोलणं हल्ली जरा तुटक झालंय.

रविवार, ३ सप्टेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

बागेत पाऊल ठेवायला जागा नव्हती. झाडाझाडाला रंगीत कंदील, पुढे अधिकारी, मागे इटलीहून आलेले जखमी आणि त्यांचे सोबती. मास्तर पांढरे हातमोजे घालून उभे. ढोल वाजले आणि अधिकाऱ्यांचे बूट आपोआप ठेका धरायला लागले. मग मधला भाग. ड्राक्सलरने क्लॅरिनेट उचललं. काय सांगू! त्याने ती चाल विजयाची वाजवलीच नाही. ओढ्याकाठी उभं राहून वाजवली.

तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाईंचा आवाज आला, "हळू रे! पळवताय काय! बदकं नदीत जातील!"

लोक वळून बघायला लागले. मी मेल्याहून मेले. पण मागच्या बाकांवरून हशा उठला, मोराव्हियन हशा, आणि एक जाडा आवाज गायला लागला: *चला गं बयांनो, घराला...* मग दुसरा, मग दहा-वीस. सासूबाईंच्या भागातलीच रेजिमेंट होती ती. मार्च संपला तर लोक सोडेनात. पुन्हा! पुन्हा! तीनदा वाजवावा लागला. तिसऱ्यांदा अख्खी बाग टाळ्यांनी ठेका देत होती. मास्तरांचा एक हातमोजा फाटला.

सासूबाई केव्हाच सैनिकांच्या घोळक्यात शिरल्या होत्या. "शिमोन झाप्लेताल. उंच आहे. डाव्या भुवईत खूण आहे." जाड्या आवाजाचा हवालदार कुबात, हात गळ्यात बांधलेला, नाव ऐकून उत्साहाने म्हणाला, "आमचा शिमोन! हे गाणं त्यानेच सगळ्या..." आणि मध्येच थांबून कान खाजवायला लागला.

"बरा आहे ना?"

"बरा... म्हणजे... बराच असणार, आजी."

मी त्याला बाजूला घेतलं. तो माझ्या कानाशी लागला. "ताई, तो मेलेला नाही. पण मी तुम्हाला भेटलोच नाही. मोठ्या लढाईच्या आदल्या दुपारी सहा जणांच्या बाटल्या घेऊन तो पाणी आणायला गेला. आम्ही शोधायला गेलो तर सहाही बाटल्या भरून, बुचं घट्ट लावून, कुंपणाशी ओळीने मांडलेल्या. बंदूक शेजारी टेकवलेली. आणि तो नाही. डोंगराकडे गेला असणार. सापडला तर गोळी घालतील. सापडलेला नाही."

दारूकाम सुरू झालं. सगळं आकाश लाल झालं आणि मला कुठे बघावं कळेना.

सोमवार, ४ सप्टेंबर

रात्रभर खोटं तयार केलं. भावजी इस्पितळात आहेत, तब्येत सुधारतेय, पत्र लिहून द्यायला कुणी नाही, वगैरे. सकाळी कॉफी पुढे ठेवून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला सासूबाई म्हणाल्या, "पळाला ना?"

मी चमचा खाली ठेवला.

"हवालदाराने कान खाजवला तेव्हाच कळलं मला."

मग सगळं सांगितलं. बाटल्यांचंही. त्या कॉफीत पाव बुडवून तसाच धरून बसल्या, अर्धा पाव गळून कपात पडला.

"सहाही भरल्या होत्या?"

"हो. बुचं लावून."

"मग झालं तर," म्हणाल्या. "कुणाला तहानलेलं सोडून नाही गेला."

शुक्रवार, ८ सप्टेंबर

मोठं संकट. उत्सव समितीचे एक गलेलठ्ठ गृहस्थ तालमीला आले, बरोबर एक वार्ताहर. सैनिकांना गाण्याचे शब्द कसे माहीत, ही चाल आली कुठून, याची गावभर चर्चा आहे म्हणे. मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "मी खरं तेच सांगणार. ही चाल एका सैनिकाच्या..." आणि मी हातातली शाई थेट त्यांच्या पांढऱ्या विजारीवर सांडली.

काय करणार? शिमोनचं नाव छापून आलं असतं, की समितीने वीरमातेला हार घालायला रेजिमेंटची यादी मागवली असती. आणि त्या यादीत त्यांच्या नावापुढे काय लिहिलं असेल?

गृहस्थ उद्या येतो म्हणून गेले. मास्तर संतापले. "आजीबाईंचं गाणं ऐकल्यापासून ड्राक्सलर मला चालचोर म्हणतोय. आता एकदा खरं बोलायला निघालो तर तुम्ही माझी विजार बुडवता!"

बाहेर ड्राक्सलरला गाठलं. कुणावर तरी विश्वास ठेवणं भाग होतं. सगळं सांगितलं. तो वाद घालेल म्हणून मी तयारीत होते. त्याने फक्त टोपी काढली. "सबंध सैन्यात एकच शहाणा निघाला, आणि तो तुमच्या घरातला." मग आत जाऊन मास्तरांना म्हणाला, "मास्तर, मी चुकलो. चाल तुमचीच आहे. तुम्हालाच सुचली. उद्या तसंच सांगा."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ शाईच्या डागाकडे. "बरं," म्हणाले.

त्यांना का, कशाला, काही विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. मोठेपणा आयता मिळत असला की माणूस प्रश्न विचारत नाही.

रविवार, १० सप्टेंबर

छापून आलं! मास्तर पहाटे बागेत फिरत होते, सूर्य उगवला, राजधानीच्या मनोऱ्यांवर सोन्याचं पाणी चढलं, आणि आकाशातून चाल 'उतरली'. मास्तरांच्या डोळ्यांत म्हणे अश्रू उभे राहिले. सबंध अर्धा रकाना. या माणसाने जन्मात कधी दहाच्या आत डोळे उघडलेले नाहीत! 'या चालीशी कोणाही सैनिकाचा वा खेडुताचा काडीमात्र संबंध नाही. शब्द शिपायांनी मागाहून जोडले,' असंही दोनदा छापून घेतलंय. दोनदा! गर्व गर्व म्हणतात तो हाच.

पण आमचं काम झालं. मी वर्तमानपत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्या मास्तरला पुढच्या रविवारी जेवायला बोलाव."

शुक्रवार, १५ सप्टेंबर

सगळं व्हिएन्ना आमची बदकं हाकतंय. दूधवाली शीळ घालते, पाववाल्याचा गडी पीठ मळताना ठेका धरतो, छावणीतली पलटण रोज चारला वाजवत आमच्या गल्लीतून जाते. मास्तरांचं नाव सगळ्यांच्या तोंडी. नाचघरंही हळूहळू उघडतायत.

आज चारला पलटण आली तेव्हा सासूबाईंनी धाडकन खिडकी लावून घेतली. उकडत होतं. मी उघडायला गेले तर हात धरला.

"बुर्गे, त्यांना थांबव."

"कुणाला?"

"सगळ्यांना. आता नको ना बोलवायला त्याला! इथे आला तर मारतील. आणि हे सगळं गाव मिळून बोलवतंय. ऐकलं आणि आला तर? ऐकलं की तो येतोच. लहानपणापासून येतो."

इटलीपर्यंत आवाज जात नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू? महिन्यापूर्वी त्याच भरवशावर तर मी अठ्ठावीस पानं पुन्हा उतरवली होती. पलटण कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांचे कान मी माझ्या दोन्ही हातांनी झाकून धरले. हसू येण्यासारखी गोष्ट आहे. मला आलं नाही.

सोमवार, २५ सप्टेंबर

आज माझा वाढदिवस, आणि असा वाढदिवस कुणाचा झाला नसेल!

दुपारी गल्लीत नवा चेस्टनटवाला आला. दक्षिणेकडच्या स्विस डोंगरातली माणसं या दिवसांत येतात तसा. त्याने आमच्याच दारावर थाप मारली. "झाप्लेताल बाई?" मी हो म्हटलं. त्याने भाजक्या चेस्टनटांची पुडी दिली. मी म्हटलं, मी काही मागवलं नाही. "मागवलंत," म्हणाला आणि गेला.

पुडीचा कागद म्हणजे पत्र! शिमोनभावजींना लिहिता येत नाही, कुणा पाद्रीबाबांनी लिहून दिलं असावं. 'मी लुगानोच्या तळ्याकाठी आहे. सीमा पार केली आहे. एका गिरणीत काम करतो. पाय दुखत होता, आता दुखत नाही. आई, काळजी करू नकोस, मी जेवतो. तिचं नाव पिएरिना.'

"तिचं म्हणजे कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नाही लिहिलं."

"गाढव," म्हणाल्या आणि इतक्या रडल्या की चेस्टनट थंड झाले. मग डोळे पुसून विचारलं, "स्वित्झर्लंडात कुठल्या मातेचं देऊळ आहे गं? मोठं?"

शनिवार, ३० सप्टेंबर

आइन्झीडेल्नच्या काळ्या मातेच्या दर्शनाला आमच्या चर्चमधून चौदा यात्रेकरू निघताहेत. आता पंधरा. पाद्रीबाबांनी सासूबाईंना भाविकतेचा दाखला दिला. तीर्थावरून लुगानो किती दूर, मध्ये किती मोठा डोंगर, हे ड्राक्सलरने नकाशा आणून समजावलं. रोज येतोय. नकाशा एकदाच आणायचा असतो, हे त्याला कोण सांगणार?

मास्तर आज लोकरीचं अस्तर लावलेला प्रवासी कोट घेऊन आले. "हा मला तंग होतो," म्हणाले. "उगीच कपाटात जागा अडवतो. डोंगरात गारठा असतो." घालून दाखवला, तर अंगात चांगला सैल होता. कुणाला काही द्यायचं तर धड कारणही देता येत नाही या माणसाला. आणि मी तर त्यांना सासूबाई दर्शनाला जाताहेत एवढंच सांगितलं होतं, डोंगराचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे.

जाताना सासूबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आजीबाई, तुमच्या... मातेला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, चाल आधी घेतली आणि मग विचारलं, पण माणूस मनाने वाईट नाही."

मातेला असले निरोप कोण देतं!

सोमवार, २ ऑक्टोबर

सासूबाई गेल्या.

सकाळी गाडीतळावर ड्राक्सलरने त्यांचं गाठोडं वाहिलं. फाटकाशी कागद तपासणारा अधिकारी म्हणजे चांगला मिशीवाला, कपाळाला आठ्या. एकेका यात्रेकरूला उलटसुलट विचारत होता. सासूबाईंचा दाखला घेतला, वाचला, आणि वाचता वाचता नकळत शीळ घालायला लागला. तीच! *चला गं बयांनो, घराला.* शिळेच्या ठेक्यावर धाडकन शिक्का मारला. "जा, आजीबाई. आमच्या विजयासाठीही प्रार्थना करा."

"करीन हो," सासूबाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आई, परत कधी येणार?"

त्यांनी त्या भल्यामोठ्या कोटातून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच लहान. "मी कशाला परत येऊ? तो तिकडे आहे, गिरणी आहे, ती कोण पिएरिना आहे. तू ये. आणि एकटी येऊ नकोस, वाट लांबची आहे." मग खिडकीतून वाकून ड्राक्सलरला, "तू! किती दिवस गल्ल्या मोजणार आहेस?"

गाडी निघाली. वळणावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढे बघत होत्या.

परत येताना आम्ही दोघं आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. मग मी म्हटलं, "ड्राक्सलर, तुमचं घर त्या बाजूला आहे."

"मला माहीत आहे."

"मग रोज इकडे कसे येता?"

तो थांबला. वकिलासारखा बोलणारा माणूस, हातातली टोपी नुसती फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "फ्राउ झाप्लेताल, हे विचारायला तुम्ही सात महिने लावलेत."

मी मनात हिशेब केला. मार्च, एप्रिल, मे... खरंच सात. नाकाखालची गोष्ट, आणि मी अख्खी वही भरून काढली!

"घरी दोन माणसांचं जेवण करून ठेवलंय," मी म्हटलं. "सवयीने. येता का?"

आला.